विहिणीच्या दारात स्वतःची चूल

उलकानला किळस फार. परक्या घरी चहाचा पेला हातात आला की ती आधी तो उजेडाकडे धरून बघते, मग तोंडाला लावते. शेजारणीनं बोट बुडवून चव घेतलेली साय ती कुत्र्यापुढेसुद्धा ठेवत नाही. "अगं, एवढ्यानं काय जीव जाणार आहे का?" असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "जीव जात नाही, पण माझं जेवण जातं ना!" आणि अशी ही बाई गेली काही वर्षं उन्हाळाभर एका पत्र्याच्या गाडीत परक्या माणसांबरोबर राहते, त्यांना रांधून घालते आणि त्यांचे मळके मोजे आपल्या उशापाशी वाळताना बघते. नशीब म्हणायचं, दुसरं काय!

गाडी तिच्या नवऱ्याची, शारशेनची. तो आमच्या नारीन शहरात बस चालवायचा. बस बंद झाली तेव्हा त्यानं पावाच्या आकाराची एक जुनी राखाडी रशियन व्हॅन घेतली. मागच्या सीटा उपटून काढल्या, फळ्या ठोकून झोपायची सोय केली आणि दाराजवळ एका खोक्यावर दोन बर्नरची शेगडी बसवली. परदेशी पाहुणे यायचे, त्यांना तो डोंगरातल्या कुरणांवर आणि तळ्यांकाठी फिरवायचा. उलकान मागं भांडी धरून बसायची, कारण रस्ता असा की भांडी नाही धरली तर ती कपाळावर येऊन बसतात.

तिच्या हातचं जेवण मात्र पाहुणे वर्षभर आठवत. खटाटोप म्हणाल तर काही नाही. कांदा ती घरीच चिरून, लाल परतून बरणीत भरायची. मटणाचे बारीक तुकडे त्यांच्याच चरबीत तळून दुसऱ्या बरणीत. कणकेच्या पातळ शेवया कापून, वाळवून कापडी पिशवीत. वर जर्दाळू, तांदूळ, बटाटे आणि टोमॅटो. डोंगरात गाडी थांबली की एका बर्नरवर किटली, दुसऱ्यावर कढई, आणि चहा होईतो जेवण तयार. बटाटे ती नखाएवढे पातळ कापायची, कारण तेवढ्या उंचीवर पाणी नुसतं उकळल्याचं सोंग करतं आणि जाड फोड कच्चीच राहते. कधी टोमॅटो-अंडं, कधी जर्दाळू घातलेला भात, नाहीतर शेवयांचं पातळ कालवण, ज्याला आम्ही केस्मे म्हणतो. एवढंच, पण माणसं कढई पुसून खात.

आणि तीच माणसं दुसऱ्या दिवशी त्याच कढईत पाय धूत! एका गोऱ्या बाईनं तसं केलं होतं, ओढ्याचं पाणी गार लागतं म्हणून कढईत गरम करून. उलकाननं ती कढई हात सोलेपर्यंत राखेनं घासली आणि त्या दिवशी स्वतः नुसता चहा पिऊन झोपली. दुसऱ्या एकानं उरलेला नान कचऱ्याच्या पिशवीत टाकला होता. नान, कचऱ्यात! तिनं तो काढला, झटकला, पाखरांसाठी दगडावर ठेवला आणि दिवसभर त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

पण हे सगळं वरवरचं. पोटातून ढवळून यावी अशी किळस तिला या उन्हाळ्यात आली, आणि ती आपल्याच माणसांची आली.

तिची एकुलती एक मुलगी सालकिन नर्सिंग शिकत होती. एका दुपारी वर्गातून घरी येताना रस्त्यात एक गाडी थांबली, तीनचार पोरं उतरली आणि तिला उचलून आत कोंबली. गाडी तालाय नावाच्या मुलाची होती. तो सालकिनला बाजारात दोनदा भेटला होता, एकदा तिला आइस्क्रीम घेऊन दिलं होतं, तेवढीच ओळख. गाडी थेट वर कुरणावर गेली, जिथं त्याच्या घरच्यांचे नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तंबू उन्हाळ्यापुरते लागलेले असतात. कायद्यानं हा गुन्हा आहे हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी लोक करतात आणि वर त्याला रीत म्हणतात.

संध्याकाळी मुलाचा काका आणि आणखी दोघं उलकानच्या दारात आले. बरोबर एक मेंढा आणि टोपलीभर नान. पोरीच्या आईबापाचा राग शांत करायला असं यायची पद्धत आहे. दारात मान खाली घालून उभं राहायचं, शिव्या घालतील त्या ऐकायच्या आणि हळूच नान पुढं करायचा. आईबापांनी त्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला की झालं, सोयरीक मान्य. मग पोरीनं रडून भिंती फोडल्या तरी कुणी विचारत नाही.

उलकान तेव्हा मागं गाडी धूत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ओल्या हातांनी ती अंगणात आली तर तिघं पाहुणे उभे, आणि शारशेन काहीतरी चावतोय.

"तोंडात काय आहे तुमच्या?"

"नान," शारशेन म्हणाला.

"कुणाचा?"

त्यानं काकाकडे बघितलं. काकानं थोडक्यात सांगितलं की तुमची लेक आमच्याकडे सुखरूप आहे, आमचा मुलगा चांगला आहे, झालं गेलं पोटात घाला.

"थुंका तो नान," उलकान नवऱ्याला म्हणाली.

"अगं, नान कसा थुंकू?" शारशेन रडकुंडीला आला. आणि थुंकणार कसा बिचारा! लहानपणापासून हाताला एकच सवय, कुणी नान पुढं केला की तुकडा मोडायचा. पाहुणे काय बोलताहेत ते कानांनी ऐकायच्या आत हातानं आपलं काम उरकलं होतं. बोलणं कळलं तेव्हा घास दाढेखाली होता. त्यानं तो गिळला. काकानं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले, आमीन म्हणाला आणि मेंढा कुंपणाला बांधून तिघं निघून गेले.

"असं कसं झालं हो तुमचं? पोरीपेक्षा तुकडा मोठा झाला?"

"मला कळलंच नाही गं. आणि आता जाऊ दे ना, मुलगा वाईट नाही म्हणतात." शारशेन अंगणातल्या बाकड्यावर बसला. "आपलं तरी काय वेगळं होतं? तुलाही मी असंच आणलं होतं. झाला ना संसार? काय कमी पडलं तुला?"

उलकाननं त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याचं घोरणं, त्याचे मोजे, जेवताना मिशीला लागलेली चरबी, सगळं तिनं सोसलं होतं. पण या बोलण्यानं तिच्या तोंडात अशी आंबट लाळ जमली की ती कुंपणापाशी गेली आणि पचकन थुंकली. मग मेंढ्याची दोरी सोडून त्याला रस्त्यावर हाकललं.

"ठाण्यात जाऊ या?" शारशेननं घाबरत विचारलं.

"जा तुम्ही. तो ठाण्यातला वर जाईल, मेंढी खाईल आणि ढेकर देत खाली येईल. सकाळी गाडी काढा. तुम्ही खाल्लंत, मी नाही खाल्लं. माझं तोंड अजून माझं आहे."

आता यात मेख अशी, की आई वर गेली आणि त्यांच्या घरचा एक घास जरी तिच्या पोटात गेला तरी खेळ संपला. आणि कुरणावर गेलेल्या माणसाला न खाऊ घालता कुणी सोडत नाही. दुसरी एखादी आई उपाशी किती वेळ काढणार? संध्याकाळपर्यंत चहाचा पेला तरी घेणारच. उलकानकडे मात्र स्वतःची गाडी होती. स्वतःचा गॅस, डब्यात स्वतःचं पाणी, पिशवीत स्वतःचा नान. तिनं बरण्या भरल्या, कांदे घेतले, आणि पहाटेच्या थंडीत गाडी निघाली. घाट चढेपर्यंत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

कुरणावर तीन तंबू होते. तंबूंच्या मधल्या गवतावर रक्ताचा ताजा डाग, त्यावर माशा, आणि एक कुत्रं तो डाग चाटतंय. शेजारी दोरीवर मेंढीचं ओलं कातडं. लग्नाच्या जेवणाची तयारी! शारशेन तंबूंपाशी गाडी नेत होता. उलकाननं पुढं वाकून त्याचा खांदा दाबला आणि त्याला ओढ्याकाठी थांबायला लावलं, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागेवर.

मुलाची आई बातमा धावत आली. गोल, गुलाबी, हसरी बाई, हात दोन्ही पसरलेले. मागून पुरुष आले आणि शारशेनला जवळजवळ उचलूनच पाहुण्यांच्या तंबूत घेऊन गेले. तोही गेला. जाताना बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही त्याची.

"या, या, विहीणबाई! खाली उतरा की. गाडीत काय बसून राहायचं?"

"मी कुणाची विहीण नाही. माझी मुलगी द्या, मी जाते."

"अगं बाई, राग आहे अजून! असू दे, असू दे. आईचा राग असायचाच." बातमानं मागं वळून हाक मारली, आणि तिच्या जावेनं कापडावर नान, लोणी आणि साय आणली. बातमा ते घेऊन चक्क गुडघ्यावर बसली गाडीच्या दारात. "एवढा तुकडा मोडा. नानावर कसला राग?"

उलकाननं दोन्ही हात पाठीमागं धरले. जन्मात तिनं नानाला नाही म्हटलं नव्हतं. पोट फुटेस्तोवर जेवलेलं असलं तरी तुकडा तरी मोडायचा, नाहीतर निदान बोट तरी लावायचं, हे अंगात मुरलेलं. नानाकडे पाठ फिरवली तर घराला काहीतरी होईल अशी भीतीही होतीच. आणि ते माहीत असूनच ही बाई गुडघ्यावर बसली होती! जो नान आपण डोळ्यांना लावतो, त्याचा यांनी मासे पकडायचा गळ केला.

"माझं भांडं चढलंय," ती म्हणाली. "आपली चूल पेटलेली असताना दुसऱ्याकडे तोंड घालायचं नाही, मला असंच शिकवलंय."

बातमानं आत डोकावून बघितलं. शेगडी थंडगार होती. उलकाननं तिच्यादेखत काडी ओढून ती पेटवली आणि वर किटली ठेवली. "चढलं," ती म्हणाली.

बातमा हसत उठली. हसू तेवढं ओठांवर राहिलं. "चढू द्या, चढू द्या. मौलवींना आणायला गाडी गेलीये. संध्याकाळपर्यंत येतील. तोवर भूक लागेलच तुम्हाला."

ती गेल्यावर उलकान मोठ्या तंबूच्या मागं गेली. उन्हाळ्यात हवा यावी म्हणून खालचा नमदा गुंडाळून ठेवतात, त्यामुळं आतलं बोलणं ऐकू येतं. तिनं गवतावर बसून हलकेच हाक मारली, "सालकिन!"

"आई?" नवरीसाठी बांधलेल्या पडद्यामागून आवाज आला. घोगरा झाला होता.

"काही खाल्लंस का?"

"नाही. पाणीसुद्धा नाही."

"कुणी काही केलं का तुला?"

"डोक्याला नवरीचा पांढरा रुमाल बांधायला बायका येतात. मी फेकते. परत येतात. हात धरून ठेवतात, गं. म्हणतात, आम्हीही अशाच रडलो होतो."

उलकाननं डोळे मिटले. मग म्हणाली, "हे बघ, मला खरं सांग. इथं राहायचंय तुला? हो म्हणालीस तरी मी रागावणार नाही."

"नाही. मला ने इथून."

"मग ऊठ आणि चालायला लाग. मी उभी आहे."

आतून पडदा सरकल्याचा आवाज आला. मग, "दारात त्याची आजी झोपलीये."

झालं! हा त्यांचा शेवटचा अडसर. घरातली सगळ्यात म्हातारी बाई उंबऱ्यावर आडवी टाकायची. म्हातारीला ओलांडून जाणाऱ्या मुलीला तिचा शाप लागतो, तिचं कधी भलं होत नाही, कूस उजवत नाही. सालकिन नर्सिंग शिकत होती, सुया टोचत होती, पण म्हातारीवरून पाय टाकायची तिची छाती होईना. आणि उलकान, जी आई, तिच्याही तोंडून "टाक पाय" असं निघेना. स्वतःचीच किळस आली तिला. एवढा घाट चढून आले, नवऱ्याला बोलले, नान नाकारला, आणि एका म्हातारीपुढं जीभ अडकते माझी!

ती गाडीकडे परतली आणि रागारागानं कांदा कढईत ओतला. दुसरं काय करणार? हातांना काम पाहिजे होतं. चरबीत कांदा चरचरला. त्यात बरणीतलं मटण, मग टोमॅटो, लाल मिरची, नखाएवढे बटाटे. पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. वारा तंबूंच्या दिशेनं वाहत होता. किटलीतलं पाणी खळखळलं तोवर बटाटे मऊ झाले, आणि तिनं शेवया सोडल्या. शेवटी लसणाच्या पातीची मूठ.

तंबूच्या दारातून एक चिरका आवाज आला, "ए बाई! काय शिजवतेस?"

म्हातारी, झुऊरा तिचं नाव, नमद्याच्या तुकड्यावर उंबऱ्याशी आडवी होती. डोक्याला पांढरं पागोटं, अंग सुकलेलं, डोळे मात्र टक्क उघडे. उलकाननं आधी बघितलंच नाही तिच्याकडे. जिनं आपल्या पोरीची वाट अडवली तिच्याशी काय बोलायचं?

"बहिरी आहेस का? काय आहे त्यात?"

"केस्मे," उलकान तुटकपणे म्हणाली.

"शेवया पातळ आहेत की दोऱ्या?"

"पातळ आहेत."

"माझ्या सुना दोऱ्या करतात," म्हातारी आभाळाकडे बघत म्हणाली. "आणि पहाटे मेंढी कापली तर माझ्यासमोर हाड ठेवलं. मान म्हणून! सगळ्यात मोठीला सगळ्यात मोठं हाड. तोंडात एक दात नाही, ते हाड काय मी उशाला घेऊ? कालपासून ओलसर जमिनीवर पडलेय, पाठीचं पार धिरडं झालंय, आणि पोटात सायीशिवाय काही नाही. घेऊन ये एक वाटी."

उलकाननं वाटी भरली. का भरली ते तिचं तिला सांगता येणार नाही. उपाशी म्हातारीनं मागितलं तर द्यायचं, यापलीकडं तिनं विचार केला नाही. वाटी घेऊन ती दारापाशी गेली आणि वाकली.

"इथं?" झुऊरा कडाडली. "उंबऱ्यावर बसून खाऊ? उंबऱ्यावर अन्न ठेवतात का कुणी? कुठल्या घरात वाढलीस तू?"

बातमा आतून आली. "सासूबाई, पडल्या पडल्या दोन घास घ्या ना."

"पडल्या पडल्या! घशात अडकून मरू दे मला, म्हणजे लग्नाचं आणि मयताचं एकाच मेंढीत भागेल, नाही का? मला त्या गाडीत नेऊन बसवा. बसायला मऊ दिसतंय तिथं."

"अहो, पण दार..."

"दार कुठं पळून जातंय? धर हात. हा एक तू धर, तो धाकटीला धरू दे. माझे गुडघे धरलेत."

बातमाचं तोंड बघण्यासारखं झालं. एकीकडं पडद्यामागची पोर, दुसरीकडं सासू, आणि सासू पाहुण्यांसमोर जेवायला मागतेय! उंबऱ्यावर खायला लावलं तर पाप, उपाशी ठेवलं तर चारचौघांत नाक कापलं जाणार. तिनं जावेला नजरेनं खुणावलं, तू इथंच थांब म्हणून. म्हातारीनं ते पाहिलं. "धाकटे, ऐकू येत नाही? एका हातावर लोंबकळू का मी?"

"मग मी झोपते इथं दारात," जाऊ म्हणाली.

"तू? तुझ्यावरून तर मेंढ्यासुद्धा उड्या मारून जातील. शाप द्यायला वय लागतं, बाई. ऊठ."

दोघी सुनांनी म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरलं. ओढ्यापर्यंतची वाट तिनं मुंगीच्या पावलांनी काढली. मध्येच थांबून श्वास घेतला, मध्येच गवतातलं काहीतरी बघितलं. दोघी तिच्या खांद्याला जुंपलेल्या, मान वळवून वळवून तंबूकडे बघत होत्या. आणि मागं, दाराचा नमदा सरकवून, सालकिन दारात आली. पायात चपला नव्हत्या. तिनं रिकाम्या उंबऱ्याकडे बघितलं आणि बाहेर पाऊल टाकलं.

तालाय आपल्या गाडीला टेकून उभा होता. चकचकीत ट्रॅकसूट, केसांना इतकं चोपडलेलं की त्यावर माशी बसली तर उडायची नाही. तो धावत आडवा आला. "सालकिन, थांब ना! कुठं निघालीस? मला वाटलं, थोड्या वेळानं जाईल तुझा राग. सगळ्यांचा जातो."

हे तो मनापासून म्हणाला. कुणीतरी त्याला फसवल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. उलकाननं ते बघितलं आणि तिला त्याला मारावंसंही वाटलं नाही, इतका तो तिला नकोसा झाला. गटाराला हात कोण लावणार? पोरीला मात्र त्याच्यापासून सोडवायचं होतं. ती गाडीत चढली, उकळती कढई दोन्ही कानांना फडक्यानं धरून खाली उतरली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पुढं ये," ती म्हणाली. "ये ना. गरमागरम आहे."

"आज्जी!" तालाय ओरडला. "आज्जी, बघ ना ती काय करतेय!"

"ओरडू नकोस, मेल्या," गाडीच्या फळीवर टेकत म्हातारी म्हणाली. "आणि ती कढई सांडू नका रे कुणी. माझं अजून व्हायचंय."

तालाय दोन पावलं मागं सरला. सालकिन आईच्या पाठीमागून गाडीपाशी आली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. हात मांडीवर ठेवून समोरच्या काचेकडे बघत राहिली. मनगटांवर बोटांचे वळ होते. बातमानं तिला हाक मारली, मग "बाळा" म्हणाली, मग रडायला लागली, पण सासूचा हात काही सोडवता येईना. म्हातारीनं तो घट्ट धरून ठेवला होता.

आरडाओरडा ऐकून पाहुण्यांच्या तंबूतून शारशेन आला. बोटं चरबीनं माखलेली, हनुवटीला भात. त्याच्यापुढं मेंढीचं मुंडकं ठेवलं होतं, पाहुण्याचा मान म्हणून.

"किल्ली," उलकान म्हणाली.

"अगं, मी नान मोडलाय. माझा शब्द गेलाय त्यांच्याकडे. लोक काय..."

"तुमचा गेला. माझा नाही गेला. गाडी चालवायची असेल तर बसा, नाहीतर किल्ली द्या आणि त्या मुंडक्यापाशी जाऊन बसा जन्मभर."

शारशेननं बोटं विजारीला पुसली. मग गाडीच्या पुढच्या काचेतून त्याला लेकीचं तोंड दिसलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तो मुकाट्यानं चढला.

निघणार कसे, गाडीत म्हातारी जेवत होती! तिनं घाई केली नाही. फुर्रफुर्र करत वाटी संपवली, दुसरी मागितली, तीही संपवली. खाली कुरणाच्या टोकाला धूळ दिसायला लागली, मौलवीला आणायला गेलेली गाडी असावी. उलकाननं शेगडी विझवून बरण्या बांधल्या, पण जेवणाऱ्या म्हातारीला ऊठ म्हणायचं कसं? शेवटी झुऊरानं वाटी पुसून ठेवली आणि दोन्ही तळवे वर केले, तसं सगळ्यांचेच हात आपोआप वर झाले. बातमाचे आणि तिच्या जावेचेही. रडतारडता बातमानं तळवे पसरले, कारण आशीर्वादाला हात वर नाही केले तर तेही पाप.

"जा पोरी," म्हातारी म्हणाली. "माझा शाप तुझ्या मागं नाही. माझं पोट भरलंय." तिनं तळवे तोंडावरून फिरवले. उतरताना उलकानला म्हणाली, "मिरची जरा जास्त झाली होती."

म्हातारीनं हे भुकेपोटी केलं की समजून उमजून, ते उलकानला आजही ठाऊक नाही. कुणी विचारलं की ती म्हणते, "मला काय माहीत? मी कढई धुवायच्या विचारात होते."

शारशेननं गाडी ओढ्यातून काढून पलीकडच्या उताराला घातली, म्हणजे समोरून येणाऱ्यांची गाठ पडणार नाही. उलकान मागं न बसता दोघांच्या मध्ये कोंबून बसली. लेकीच्या आणि नवऱ्याच्या मध्ये. तिच्या नाकाशी त्याच्या बोटांचा मेंढीच्या चरबीचा वास येत होता, स्टिअरिंगला लागलेला, गिअरला लागलेला. खिडकी उघडली तरी जाईना.

घाट उतरत आला तेव्हा सालकिननं डब्यातलं पाणी प्यायलं आणि आईनं दिलेला नानाचा तुकडा हातात घेतला. खाल्ला नाही, नुसता धरून बसली.

"आई, तुला आणलं होतं तेव्हा आजी आली होती का गं? तुझी आई?"

"आली होती ना. दुसऱ्याच दिवशी आली."

शारशेनचा पाय ॲक्सिलरेटरवरून थोडा उचलला गेला. गाडी हळू झाली.

"मग? काय केलं तिनं?"

"जेवली. मटण खाल्लं, भात खाल्ला, नान मोडला."

"आणि तू?"

उलकाननं समोरच्या रस्त्याकडे बघितलं.

"मी तिला चहा ओतून दिला," ती म्हणाली.